शकीलभाईंची भट्टी दुपारी कोण पेटवतं?

माझ्या हातून घोळ होतात हे गावाला काही नवीन नाही. पण यावेळचा घोळ मी इतक्या चांगल्या मनाने केला, की तो निस्तरायला पुण्याहून माणसाला यावं लागलं. चहा घ्या, सांगतो.

आमचं गाव काशीद सोडलं की मुरूडच्या रस्त्याला. माझी नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे. वाडीला कुंपण, आणि कुंपणाच्या पलीकडे शकीलभाईंची बेकरी. मी दहावी पास, तीही दुसऱ्या झटक्यात. वाडीत काम ते किती असणार? सकाळी पाणी लावलं, पडलेले नारळ उचलले, की दिवस मोकळा. मग माणूस आजूबाजूला बघणारच ना? लोक त्याला चोंबडेपणा म्हणतात. मी त्याला लक्ष ठेवणं म्हणतो.

शकीलभाईंची भट्टी त्यांच्या वडिलांनी बांधलेली, विटांची, घुमटाची. पहाटे पाव भाजायचे आणि उजाडलं की सायकलला पत्र्याची पेटी बांधून घरोघर, टपऱ्या-टपऱ्यांवर द्यायला निघायचं. सगळं एकट्याने. पण अलीकडे पिशवीतला पाव टेम्पोने दारात यायला लागला आणि यांचा खप उतरला. मुंब्र्याचा भाऊ सारखा फोन करायचा, "बंद कर ती भट्टी, अम्मीला घेऊन इकडे ये, माझ्या दुकानात बस." शकीलभाई नुसतेच हं म्हणायचे. पण ते हं दिवसेंदिवस लांबत चाललं होतं. तीस वर्षांचा शेजार, मला ते हं ऐकवेना.

अशात काशीदच्या बाजूच्या एका मोठ्या रिसॉर्टने विचारणा केली. रोजचा पाव, खारी, नानकटाई, सगळं यांच्याकडून घेणार. ती ऑर्डर मिळाली तर बेकरी राहणार, नाही तर मुंब्रा. अट एकच. माल बनवताना किती धूर होतो, किती जळण लागतं, किती डिझेल जातं, हे मोजून घ्यायचं आणि तो आकडा कमी असायला हवा. मोजायला पुण्याच्या एका कंपनीची मुलगी येणार होती.

ही अट शकीलभाईंनी मला नीट सांगितली होती. मी ऐकलीही होती. पण ऐकताना मी त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होतो, कारण समोरच्या घरापुढे अनोळखी गाडी थांबली होती. त्यामुळे "रिसॉर्टवाले मोजायला माणूस पाठवणार" एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

ज्या दिवशी ती मुलगी यायची, नेमकी त्याच दिवशी मुरूडला अम्मीच्या डोळ्याची पट्टी सोडायची होती. शकीलभाई कुंपणाशी येऊन म्हणाले, "दिगूभाऊ, मॅडम येतील. चिमणीला यंत्र लावायचं हाय, ते लावू द्या. चहा द्या. बाकीचं मी आल्यावर सांगेन."

"तुम्ही निर्धास्त जा," मी म्हटलं.

माणसाने निर्धास्त जावं असा मी नाही, हे त्यांना तीस वर्षांत कळायला हवं होतं.

मुलगी आली स्कूटीवरून. तन्वी नाव. पाठीला सॅक, हातात टॅब. तिने चिमणीला एक तार लावली, तारेला काड्यापेटीएवढा डबा. म्हणाली, "काका, भट्टी कधी पेटते, किती तापते, ते यातून थेट आमच्याकडे आणि शकीलभाईंच्या मोबाइलवर दिसेल."

"वा," मी म्हटलं आणि चहा पुढे केला.

चहा पिता पिता तिने शकीलभाईंना फोन लावला. बंद. दवाखान्यात बंदच ठेवायला लावतात. ती घड्याळ बघायला लागली. तिला पुढे दिघीला जायचं होतं, आगरदांड्याची फेरीबोट गाठायची होती. म्हणाली, "काका, तुम्ही शेजारी ना? थोडी मोघम माहिती तुम्ही द्याल का? नंतर आम्ही ती यंत्राशी ताडून बघतोच."

आता इथे थांबून तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे लग्नाची चौकशी असली की स्थळाची माणसं आधी शेजाऱ्याच्या ओटीवर टेकतात. मुलगा कसा, घर कसं, वाडी केवढी. तिथे शेजाऱ्याने हात आखडता घ्यायचा नसतो, ही इथली रीत. थळची मंडळी आमच्या शेजारच्या नागेशची चौकशी करायला आली तेव्हा मी त्याची पाच गुंठे वाडी अर्ध्या एकराची केली होती. दोन मुलं आहेत त्याला आज. सुखात आहेत.

तेव्हा ही पोर टॅब उघडून शकीलभाईंबद्दल विचारायला लागल्यावर माझ्या जिभेला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

"भट्टी दिवसाला किती तास चालते?"

"चालते म्हणजे? विझतच नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ. माल पुरत नाही लोकांना."

"जळण काय वापरतात?"

खरं म्हणजे शकीलभाई माझ्याच वाडीतली नारळाची सोडणं, करवंट्या आणि वाळलेल्या झावळ्या जाळतात. पण पाहुण्याला असं सांगतात का? मी म्हटलं, "आंब्याचं लाकूड. सुकं, एक नंबर. ट्रक येतो."

"ट्रक? किती दिवसांनी?"

"येतच असतो."

"माल पोचवायला गाडी?"

कुडाला टेकवलेल्या सायकलीसमोर मी जरा सरकून उभा राहिलो. "दोन टेम्पो आहेत. आत्ता बाहेर गेलेत."

"आणि वीज गेली तर?"

"जनरेटर. मोठा. डिझेलचा."

पोरगी भराभरा टाइप करत होती आणि तिचा चेहरा गंभीर होत चालला होता. मला वाटलं, छाप पडतेय. जाताना ती म्हणाली, "काका, बराच कार्बन दिसतोय."

मी म्हटलं, "तर हो. आमच्याकडे कशाचीच कमी नाही."

संध्याकाळी शकीलभाई आले. मी सांगितलं, यंत्र बसलं, चहा झाला, मी थोडीफार माहितीही दिली. ते म्हणाले, "मेहरबानी, दिगूभाऊ." अम्मीला दिसायला लागलं होतं, त्या आनंदात मी काय माहिती दिली ते त्यांनी विचारलं नाही. मीही आपलं कौतुक आपल्या तोंडाने कशाला सांगू?

आठवडा गेला. एका सकाळी मी बेकरीत खारी खात बसलो होतो आणि शकीलभाईंचा मोबाइल माझ्यासमोर फळीवर वाजला. दुसऱ्याचा मोबाइल वाजला तर आपण बघतो का? मी बघतो. निरोप असा होता, ‘दिलेली माहिती आणि यंत्राची नोंद जुळत नाही. भट्टी रोज फक्त पहाटे तापलेली दिसते. कृपया पडताळा.’

शकीलभाईंनी वाचलं आणि म्हणाले, "पहाटेच तापणार ना. अजून कधी तापणार? यंत्रात काहीतरी गडबड हाय. मॅडम येतील तेव्हा बघू."

ते पीठ मळायला वळले. माझी खारी मात्र अर्धीच राहिली. कारण गडबड यंत्रात नव्हती, ती खारी खात बसली होती. चौकशीत एक गोष्ट खोटी निघाली की सगळंच खोटं ठरतं आणि जुळलेलं मोडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ऑर्डर जाणार. शकीलभाई मुंब्र्याला जाणार. आणि ते का गेले हे मला एकट्यालाच माहीत असणार.

दुसरा कोणी असता तर उठून खरं सांगून मोकळा झाला असता. मी रात्रभर विचार केला आणि ठरवलं, माझं बोलणं खोटं आहे ना, मग ते खरं करायचं.

दुपारी जेवून, नमाज पढून शकीलभाई दोन तास झोपतात. बेकरीच्या मागच्या दाराला नुसती कडी, आणि ते दार उघडतं माझ्या वाडीकडे. दोन वाजता मी गोणीभर सोडणं घेऊन आत शिरलो आणि भट्टी पेटवली. चार वाजता निखारे ओढून बाहेर काढले, विझवले, राख सारखी केली, घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सोडणं संपली तेव्हा झावळ्या नेल्या. झावळ्या संपल्या तेव्हा काटक्या वेचल्या.

आमची मंडळी, मालती, ओटीवरून बघत होती. म्हणाली, "वाडी एवढी साफ तुमच्या वडलांच्या वेळीपण नव्हती. बरं वाटत न्हाय का तुम्हाला?"

"माणसाने बदलू नये का?"

"बदलावं. पण जेवल्या जेवल्या?"

मी घामाने भिजलेला सदरा वाळत घातला आणि आडवा झालो.

इकडे बेकरीत वेगळंच सुरू झालं. पाव खालून काळे व्हायला लागले. मला कळायला हवं होतं हो, विटांची भट्टी ती. गॅसची शेगडी आहे का, बंद केली की गार? दुपारची आच विटांत दबून राहायची आणि वर शकीलभाई पहाटे रोजच्या सवयीने पेटवायचे. त्यांनी पिठवाल्याशी वाद घातला. यीस्ट बदललं. पत्रे घासले. रिसॉर्टला चवीला पाठवलेली पहिली लादी तिकडून परत आली. वर निरोप, ‘थोडी जास्त भाजली आहे, पुन्हा पाठवा.’

परत आलेली लादी मी विकत घेतली. सगळी. "मला खरपूसच आवडतो," मी म्हटलं. चार दिवस आमच्या घरी चहाबरोबर कोळसा होता.

एका संध्याकाळी शकीलभाई कुंपणाशी आले, मोबाइल पुढे धरून. "दिगूभाऊ, हे बघा. ही रेघ म्हणजे भट्टी. पहाटे वर जाते, ती माझी. ही दुसरी बघा, दुपारी दोन ते चार. ही कोणाची?"

रेघ चांगली उंटासारखी दोन मदारींची झाली होती. मी चष्मा पुसला. "यंत्रात गडबड असेल. तुम्हीच म्हणाला होतात."

"मीपण तेच म्हटलं. पण हात लावून बघितला, भट्टी संध्याकाळी गरम हाय."

"मग कोणीतरी चोरून नानकटाई भाजत असेल."

"पीठ तेवढंच हाय, साखर तेवढीच हाय." ते विचारात पडले. "चोर आला तर काहीतरी नेईल ना? हा चोर स्वतःचं जळण घेऊन येतो, राख भरून ठेवतो आणि दार लावून जातो. असला चोर मी आयुष्यात बघितला न्हाय."

"जमाना बदललाय," मी म्हटलं.

"तुम्ही एक काम करा. तुमच्या नजरेतून काय सुटतं? दुपारी जरा लक्ष ठेवा."

म्हणजे माझ्यावर पाळत ठेवायला मलाच नेमलं. मी मान हलवली. काय करणार?

पुढचे दोन दिवस मी काही केलं नाही. नुसता ओटीवर बसून लक्ष ठेवलं. कोणीही आलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत होतो. दुसऱ्या संध्याकाळी मात्र मोबाइलवर पुन्हा निरोप, ‘नोंद जुळत नाही. प्रत्यक्ष पाहणी होईल. अहवाल शुक्रवारी रिसॉर्टला जाईल.’ तो बुधवार होता. मला वाटलं, आता शेवटच्या दिवशी कच खाल्ली तर आतापर्यंतच्या मेहनतीवर पाणी.

गुरुवारी दोन वाजता मी जरा जोरातच पेटवली.

आता मला काय ठाऊक की तन्वी त्या दिवशी काशीदमध्येच दुसऱ्या एका हॉटेलात आली होती, आणि भट्टी तापली की तिच्या हातातला टॅब तिथल्या तिथे टुण्ण करतो? सव्वादोनला तिने शकीलभाईंना फोन करून उठवलं. अडीचला बेकरीचं पुढचं दार उघडलं आणि दोघं आत आली.

मी भट्टीसमोर. अंगात बनियन, तोंडाला काजळी, एका हातात सोडण, दुसऱ्या हातात वारा घालायला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा.

शकीलभाईंनी झोपेतले डोळे चोळले. मग म्हणाले, "दिगूभाऊ?"

"लक्ष ठेवतोय," मी म्हटलं.



मग मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. चौकशी, रीत, निरोप, सोडणं, सगळं. तन्वीने टॅब उघडला आणि माझी उत्तरं शकीलभाईंना एकेक करून वाचून दाखवायला लागली. त्या वाचनापेक्षा भट्टीत डोकं घातलेलं परवडलं असतं.

"दोन टेम्पो."

"कोणाचे?" शकीलभाई.

"तुमचे."

शकीलभाईंनी सायकलीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आंब्याचं लाकूड, ट्रकने येतं."

"ट्रक? आमच्या गल्लीत रिक्षा वळत न्हाय, मॅडम."

"डिझेलचा मोठा जनरेटर."

"वीज गेली तर मी मेणबत्ती लावतो."

तन्वी माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने, त्याचंच जास्त लागलं. "काका, रिसॉर्टला कमी धूर करणारी बेकरी हवी आहे. सायकलवर माल देणारी, वाडीतला कचरा जाळणारी. शकीलभाईंची आहे तशीच. तुमच्या माहितीने मात्र ही तालुक्यातली सगळ्यात जास्त धूर करणारी बेकरी झाली आहे."

मी म्हटलं, "मग खोडून टाका ना सगळं. मी खोटं बोललो, लिहून देतो."

"तुम्ही सांगितलेलं मी खोडू शकते," ती म्हणाली. "तुम्ही जाळलेलं कसं खोडू? ते खरंच जळलंय ना. यंत्राने नोंदवलंय."

बघा, नागेशची वाडी मी अर्ध्या एकराची केली तरी जमिनीला काही झालं नव्हतं. इथे मात्र मी बोललो, मग ते खरं केलं, आणि आता ते खरं झालं होतं.

शकीलभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. ते भट्टीजवळ गेले, माझे निखारे फावड्याने ओढून काढले, पाणी मारलं. मग हात धुतले. मग म्हणाले, "भावाचा फोन आला होता सकाळी. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांब."

"माझ्यामुळे तुम्ही जाऊ नका, शकीलभाई," मी म्हटलं. आवाज जरा फुटला, धुरामुळे असेल. "हवं तर मीच जातो मुंब्र्याला."

"तुम्ही? आणि माझ्या भावाचं दुकान बंद करणार?"

तन्वी हसली. मग शकीलभाईपण हसले, मनातून नाही पण हसले. तिने स्टूल ओढलं आणि म्हणाली, "मी यंत्राची नोंद बदलणार नाही. पण जे झालं ते झालं तसं लिहिते. काका, तुम्ही कोणत्या दिवशी काय काय जाळलं ते सांगा. आणि आता एकही गोणी वाढवून सांगू नका."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला मोजून सांगितलं. एक गोणी म्हणजे एक गोणी. दोनदा जीभ वळवळली, दाबून धरली. तेवढ्यात मालती मला शोधत कुंपणापाशी आली होती. मी चार गोण्या म्हटलं की ती पलीकडून म्हणायची, "पाच. मी मोजल्या."

शुक्रवारी अहवाल गेला. शनिवारी रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला. शकीलभाईंनी मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला, एवढं मन त्यांचं मोठं. मॅनेजर म्हणाले, "पहाटेची भट्टी एकदम चांगली आहे. सायकलही आवडली आम्हाला. फक्त ही चौथी ओळ समजली नाही. हा प्रकार पुन्हा होण्याची शक्यता आहे का?"

शकीलभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कान धरले.

"इन्शाल्ला न्हाय," ते म्हणाले.

"मग सोमवारी ताजी लादी पाठवा. जळलेली नको."

सोमवारची लादी सोनेरी आली. ऑर्डर मिळाली. भावाला त्याच दिवशी कळवलं. आता शकीलभाई सायकलला दुसरी पेटी बांधून जातात आणि तन्वी महिन्यातून एकदा येऊन बसते. भट्टीच्या दाराला जाड झाकण करून घ्यायला तिने सांगितलं. त्याने आच आत राहते आणि सोडणं कमी लागतात. आकडा खाली चाललाय. तिचा चहा अजून माझ्याकडेच असतो, पण प्रश्न ती शकीलभाईंना विचारते. मी तिथे असलो तर आधी मला घरी पाठवते.

रिसॉर्टने नंतर एक अट मात्र आणखी घातली. अहवाल बेकरीत सगळ्यांना दिसेल असा लावायचा. तो काचेत घालून गल्ल्याच्या वर लावलाय. धूर कशातून किती, याच्या ओळी आहेत. पहिली जळण, दुसरी वाहतूक, तिसरी वीज. आणि चौथी ओळ, ठळक अक्षरांत, ‘शेजारी’. पुढे उपाययोजनेच्या रकान्यात लिहिलंय, ‘समजावून सांगितले. लेखी हमी घेतली.’ खाली माझी सही. पर्यटक पाव घ्यायला येतात, वाचतात, फोटो काढतात आणि विचारतात, हे शेजारी कुठे राहतात?

त्या चौथ्या ओळीचा आकडा दुसऱ्या महिन्यात शून्यावर आला. तन्वी म्हणाली, एवढ्या झपाट्याने खाली आलेली ओळ तिने अजून कुठल्याच धंद्यात पाहिली नाही. मी मोठ्या उत्साहाने घरी येऊन मालतीला सांगितलं. ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तीस वर्षं मी हेच सांगतेय, लोकांच्या घरात नाक घालू नका म्हणून. पण माझ्याकडे यंत्र नव्हतं ना."